गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड बदलावा का? (सिटी व्हीटेक, २००२)

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, १०६ हॉर्सपॉवरवाली. मूळ मामाची. देताना मामा एवढंच म्हणाला, "विकायची झाली तर आधी मला विचार." १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. दाराखाली गंज धरलाय, एसी कधी चालतो कधी रुसतो, पण इंजिन ठणठणीत. हल्ली सिग्नलला आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा जरा वरखाली होतो, तो वयाचा परिणाम असावा. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा.

आता मुद्दा. ओळखीतल्या एका पोराने डोक्यात किडा सोडलाय. "दादा, स्टॉक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा कंपनीचा मूळ नळ्यांचा संच, गाडीचं नाक चिमटीत धरल्यासारखा आहे. मोठ्या प्लेनमचा, आखूड रनरचा लाव. पंधरा हॉर्सपॉवर कुठे गेले नाहीत." सिटीसाठी असा कोणी बनवत नाही म्हणे, पण त्याच घराण्यातल्या सिव्हिकच्या इंजिनांसाठी मिळतो आणि "बोल्ट टू बोल्ट बसतो". नावाजलेल्या कंपनीचा मला परवडणार नाही. त्याची ऑनलाइन कॉपी तिसऱ्या हिश्श्यात मिळतेय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तर, खरंच फरक पडतो का? ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावावा लागतो का? पीयूसीला अडचण येईल का? स्वतः केलेलं कोणी असेल तर जरूर लिहा. ऐकीव माहिती माझ्याकडे पोतंभर आहे.

गंमत्या
रुमाल टाकून ठेवतो.

पिस्टनराव
एका ओळीत उत्तर: नको.
दोन ओळींत उत्तर: अजिबात नको.
सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दोन गाड्या उघड्या पडल्यात.

अण्णा_पद्मिनी
आमच्या वेळी मॅनिफोल्ड ही बदलायची वस्तू नव्हती, विसरायची वस्तू होती. सकाळी चोक ओढायचा, गाडी खोकायची, मग ती आणि मी दोघं चहा घ्यायचो. हा प्लेनम काय प्रकार आहे? जरा इस्कटून सांगा कोणीतरी.

मुक्ता_के
अण्णा, मी सांगते. इंजिन टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं काढलीत, रोजचंच आहे.

थ्रॉटलमधून आलेली हवा आधी एका पेटीत जमते, तो प्लेनम. तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एक एक नळी जाते, तो रनर. तुमच्या पद्मिनीत कार्ब्युरेटर होता, म्हणजे पेट्रोल आणि हवा दोन्ही मॅनिफोल्डमधूनच जायचे. मॅनिफोल्ड गार असला की पेट्रोल आतल्या भिंतीला चिकटून राहायचं आणि सिलिंडरला पातळ मिश्रण मिळायचं. तुमचा चोक आणि चहा त्यापायी. म्हणून तेव्हाचे मॅनिफोल्ड मुद्दाम गरम ठेवत. इंजेक्शन आलं, पेट्रोल थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जाऊ लागलं आणि मॅनिफोल्डकडे फक्त हवेचं काम उरलं. तेव्हापासून तो गार ठेवण्याची धडपड सुरू झाली, कारण गार हवा दाट असते.

@घाटमाथा, 'नाक चिमटीत' हे गृहीतकच मला पटत नाही. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, मॅनिफोल्डमध्ये तसंच चालू असतं. पिस्टन खाली जाताना व्हॉल्व्हपाशी दाब एकदम पडतो. ती कमी दाबाची लाट आवाजाच्या वेगाने रनरमधून वर जाते, प्लेनमपाशी पोचली की उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन खाली येते. व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असताना ती नेमकी पोचली तर थोडी जास्तीची हवा आत कोंबली जाते, फुकटात.

आकडे घालून बघा. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा. व्हॉल्व्ह २४० अंश उघडा धरला तर जेमतेम ६.७ मिलिसेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर घेतला तर तेवढ्यात लाट सव्वादोन मीटर पळते. ३००० आरपीएमला वेळ दुप्पट, अंतर साडेचार मीटर. नळी मात्र तीच. त्यामुळे एका लांबीच्या रनरची साथ काही ठरावीक आरपीएमच्या आसपासच जुळते. लांब आणि बारीक रनरची खालच्या आरपीएमला, आखूड आणि रुंद रनरची वरच्या.

म्हणून मॅनिफोल्डने ताकद वाढते असं मी सहसा म्हणत नाही. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवली जाते. आता सांगा, हिंजवडीच्या रांगेत तुमचा काटा ६००० ला शेवटचा कधी गेला होता?

घाटमाथा
हिंजवडीच्या रांगेत काटा १५०० ला गेला तरी शेजारचे वळून बघतात.

तळेगावकर
मुक्ताताई, प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. आमच्या इंजिनीअरिंगच्या सरांनी हेच चार तास शिकवलं होतं आणि वर्गात एकालाही कळलं नव्हतं. सरांना धरून.

शब्दवेल्हाळ
चर्चा उत्तम, पण एकाही सदस्याला 'इनटेक मॅनिफोल्ड'ला मराठी शब्द सुचू नये? मी 'अंतर्वायु-विभाजक' सुचवतो.

गंमत्या
हे आयुर्वेदाच्या दुकानात मागितलं तर पुडी बांधून मिळेल. जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर.

पिस्टनराव
आमच्या गॅरेजात पोरं त्याला 'मनीफोल्ड' म्हणतात. बदलायला घेतला की मनी फोल्ड होऊन दुसऱ्याच्या खिशात जातो. याहून चपखल मराठी शब्द मला तरी माहीत नाही.

शब्दवेल्हाळ
हलके घेतले आहे. तरीही 'श्वासनळ'चा विचार व्हावा.

जुनाट_गाड्या
मुक्ता यांनी लिहिलेल्या लाटेचा खेळ लोकांनी किती टोकाला नेला ते बघायचं तर १९६० ची क्रायस्लर ३००एफ बघा. व्ही-८ इंजिन, ४१३ क्यूबिक इंचांचं. रनर ३० इंची! एवढी लांब नळी बसवायची कुठे? म्हणून डाव्या अंगाचा कार्ब्युरेटर उजव्या बाजूच्या सिलिंडरांना हवा द्यायचा आणि उजवा डाव्यांना. बॉनेट उघडलं की दोन ऑक्टोपस एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसल्यासारखं दिसतं. यातच एक आखूड रनरची आवृत्ती होती. बाहेरून नळ्या तशाच, पण आतली भिंत कापून हिशेबाची लांबी १५ इंचांवर आणलेली. लांबवालीला ३७५ हॉर्सपॉवर, आखूडवालीला ४००. मग बहुतेकांना लांबवालीच का विकली? कारण गिऱ्हाईक रस्त्यावर चालवणार होतं.

बाहेरचा मॅनिफोल्ड लावायचा नादही आजचा नाही. व्हिक एडलब्रॉकने फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ साठी 'स्लिंगशॉट' मॅनिफोल्ड काढला तो १९३८ साली. आणि दोन्ही आरपीएमला जमेल असा रनर हवा तर माझदा ७८७बी. १९९१ ला ल मान्स जिंकलेली. तिच्या नळ्या चालता चालता लांब-आखूड व्हायच्या.

अवांतर झालं, क्षमस्व. हा विषय निघाला की माझा हात थांबत नाही.

सनीवेलचा_भाऊ
स्वतः केलंय, म्हणून लिहितो.

इथे कॅलिफोर्नियात माझ्याकडे ९८ ची ॲक्युरा इंटेग्रा जीएस-आर होती. १.८ लिटर, १७० हॉर्सपॉवर. तिचा मूळ मॅनिफोल्ड म्हणजे कारागिरी होती हो. प्रत्येक सिलिंडरला दोन दोन रनर, एक लांब एक आखूड. खाली फक्त लांबवाला चालू, ५७५० आरपीएमच्या आसपास आतल्या पाकळ्या उघडल्या की आखूडही सुरू. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा आणि सर्वज्ञ. तो दुहेरी मॅनिफोल्ड काढला आणि एकेरी, आखूड, मोठ्या प्लेनमचा लावला.

डायनोवर (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर) नेली. ६५०० च्या वर रेघ खरंच वर गेली, मी टाळ्या वाजवल्या. ऑपरेटरने न बोलता बोट खाली सरकवलं. ३५०० ते ५५०० मध्ये जुन्या रेघेच्या खाली एक मस्त झोळी पडलेली. आणि ८८० हायवेवर संध्याकाळी पाचला मी रोज त्याच झोळीत राहायला होतो.

पुढे दोन वर्षांनी स्मॉग टेस्ट आली. धुराचे आकडे पास. मग त्या माणसाने बॉनेट उघडलं आणि विचारलं, याचा ईओ नंबर कुठाय? कॅलिफोर्नियात बाहेरचा इनटेकचा भाग लावायचा तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर लागतो. माझ्याला नव्हता. नापास. नशीब जुना मॅनिफोल्ड गराजमध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे जपून ठेवला होता. एक शनिवार-रविवार घालून परत लावला. गाडी विकताना घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "सगळं स्टॉक आहे ना?"

मुक्ता_के
@सनीवेलचा_भाऊ, 'झोळी' हा शब्द उद्या ऑफिसात वापरणार आहे.

वेगवान_बाळ्या
काय राव, सगळे मिळून बिचाऱ्याला घाबरवताय. मी लावलाय माझ्या जुन्या सिव्हिकला, तीच ऑनलाइन कॉपी. ट्यूनिंग नाही, डायनो नाही, काही नाही. एका रविवारी दोन मित्र आणि मी. गाडी नुसती उडते. घाटमाथा, लावून टाका बिनधास्त.

मुक्ता_के
डायनो नाही, मग उडते हे कशावरून?

वेगवान_बाळ्या
पाठीला कळतं ना ताई.

मुक्ता_के
पाठीला आवाज कळतो. आखूड रनर आणि पातळ ॲल्युमिनियम, त्यामुळे इंजिन हवा ओढतानाचा आवाज केबिनमध्ये जास्त येतो. आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो. खालचं बळ गेलं की वरचं अचानक आल्यासारखंही वाटतं. घड्याळ लावून बघा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०, आधी आणि नंतर.

वेगवान_बाळ्या
आधीचं घड्याळ कुठून आणू आता.

पिस्टनराव
आलो. आता सविस्तर.

घाटमाथा, तुमच्या इंजिनात एक्झॉस्ट पुढे रेडिएटरकडे आणि इनटेक मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला. म्हणजे वरचे नट दिसतात, खालचे फक्त जाणवतात. १२ चा पाना, एक्स्टेन्शन, बोटांची सालं आणि देवाचं नाव. त्याखाली मॅनिफोल्डला आधार देणारी पट्टी असते, ती गाडीखाली झोपूनच सुटते. फ्यूएल रेल काढण्याआधी पेट्रोलचा दाब उतरवा, नाहीतर गरम इंजिनवर फवारा. थ्रॉटल बॉडीला कूलंटचे पाइप येतात, त्यामुळे कूलंटही थोडं काढावं लागतं. लावताना नट मधल्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी २३ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर कोणाचा मागून आणा. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांचे तुटलेले स्टड काढून माझ्या पोराची फी भरली गेलीय.

आता ईसीयूचं. तुमच्या गाडीत आत येणारी हवा मोजायचं मीटर नाही. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान बघून ईसीयू अंदाज बांधतो की सिलिंडरमध्ये एवढी हवा गेली असणार. तो अंदाजाचा तक्ता कंपनीच्या मॅनिफोल्डवर बनवलेला. मॅनिफोल्ड बदलला की तक्ता खोटा. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारून घेतो. पण पाय पूर्ण दाबला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, थेट तक्ता वाचतो. तिथे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की मिश्रण आपोआप पेटून इंजिनात टकटक सुरू. ज्या जागी तुम्हाला ताकद हवी नेमकी त्याच जागी धोका. म्हणून मॅनिफोल्डसोबत ट्यूनिंग आलंच, आणि ट्यूनिंगचा खर्च कॉपी मॅनिफोल्डच्या वर जातो.

@वेगवान_बाळ्या, एक विचारू? ब्रेक बूस्टरचा पाइप कुठे जोडलात? त्या कॉपीवर जाडं नोझल होतं का?

वेगवान_बाळ्या
जाडं नव्हतं. पीसीव्हीच्या (इंजिनातली तेलाची वाफ परत ओढणाऱ्या) बारक्या पाइपातून टी काढलाय. ब्रेक जरा कडक लागतो, पण सवय झाली.

पिस्टनराव
बाळासाहेब, गाडी आहे तिथे उभी करा. गंमत करत नाहीये.

बूस्टर म्हणजे ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा डबा, तो मॅनिफोल्डमधल्या पोकळीवर चालतो. जुना पाइप जाडा होता तो पोकळी लगेच भरून यावी म्हणून, शिवाय त्यात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. बारक्या पाइपातून पहिला ब्रेक लागेल, घाटात पाठोपाठ तिसरा मारलात की पॅडल दगड. शिवाय पीसीव्हीतून तेलाची वाफ येते, ती बूस्टरच्या रबराला लागणार. जाड नोझल ॲल्युमिनियम वेल्डिंगने बसवून घ्या किंवा जुना मॅनिफोल्ड परत लावा. आजच.

तळेगावकर
+१. बाळ्या, भांडण नंतर करू. आधी ते बघ.

कलम_५२
पीयूसीचं विचारलंय म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता तुम्ही म्हणाल, पीयूसीवाला बॉनेट कुठे उघडतो? तो नाही उघडत, नळी आत घालून कागद देतो. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर उघडतो. आणि तुमची गाडी २००२ ची, म्हणजे १५ वर्षं उलटून गेली. आता दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी. तिथेही कोणीतरी उघडतो. ट्रॅकवर ट्रेलरने नेणार असाल तर गोष्ट वेगळी.

गंमत्या
म्हणजे एअर फिल्टर, मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट धरून १५०००. प्रति हॉर्सपॉवर १००० पडले. महाग नाही.

उद्यमनगरी
काय मालक, कोल्हापुरातनं रामराम. आमचा फौंड्रीचा धंदा, त्यामुळं कास्टिंग म्हटलं की राहवत नाय.

कॉपीबद्दल कुणीच धड बोललं नाय म्हणून सांगतो. मागल्या वर्षी एक पोरगं असाच ऑनलाइन आलेला मॅनिफोल्ड घेऊन आलं. "मामा, नुसता फेस मारून (तोंड सपाट करून) द्या." बाहेरनं बघाल तर आरशागत चकाचक. सरफेस प्लेटवर पालथा ठेवला अन् फिलर गेज (फट मोजायचं पातळ पान) सरकवलं. मधल्या दोन पोर्टांपाशी ०.३० मिलिमीटरचं पान आरामात आत. एवढी फट गॅस्केटनं (जोडात घालायच्या पातळ सीलनं) भरत नाय, तिथनं हवा ओढणारच. मग पांढऱ्या कापडावर उभा धरला आणि लाकडी मोगरीनं हळू टकटक केलं. चिमूटभर वाळू पडली. फिरवून परत टकटक, परत चिमूटभर. ती कोअरची वाळू. पोकळ कास्टिंग करायचं म्हणजे आत वाळूचा कोअर ठेवायचा, भोवतीनं धातू ओतायचा अन् नंतर कोअर फोडून काढायचा. एका वळणात थोडा कोअर तसाच भाजून चिकटलेला. गाडी चालू केली की तीच वाळू सिलिंडरात. सिलिंडरवर रेघा पडायला हजार किलोमीटर लागत नाहीत.

त्या पोराला वाळू हातावर दिली. म्हटलं, ही बघ तुझी पंधरा हॉर्सपॉवर.

घाटमाथा
मामा, मग तुम्हीच ओतून दिला तर?

उद्यमनगरी
ओतू की, काय त्यात. पण हिशेब ऐका. एक नग असो का हजार, पॅटर्न (वस्तूचा नमुना) अन् कोअर बॉक्स (कोअरचा साचा) तेवढाच लागतो. ॲल्युमिनियम गार होताना मीटरला १३ मिलिमीटरच्या आसपास आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा करायचा. कोअरच्या वाळूत सोडियम सिलिकेट घालायचं, कार्बन डायऑक्साइड सोडला की दगडागत घट्ट होतो. चार रनरांचे चार कोअर सारखे बसले नाहीत तर एका नळीची भिंत जाड, दुसरीची पातळ. पहिले दोन-तीन नग भंगारातच जाणार. तुमच्या सिटीच्या किमतीत पॅटर्न होईल.

फुकटचा सल्ला देतो. मॅनिफोल्ड मागवायच्या आधी त्याचं नुसतं गॅस्केट मागवा. स्वस्त असतंय. तुमच्या मूळ गॅस्केटवर ठेवून उजेडात धरा. एकाच घराण्याची इंजिनं असली तरी सगळ्यांची हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) सारखी नसतात. स्टडची भोकं जुळतील, पोर्ट जुळतीलच असं नाय.

अण्णा_पद्मिनी
हा खरा माणूस. घाटमाथा, यांचं ऐका.

सनीवेलचा_भाऊ
मामा, कोल्हापूर म्हटल्यावर एक विचारतो. इथे आम्ही घरी तांबडा-पांढरा करतो, पांढरा फुटतो. का?

उद्यमनगरी
आच मोठी ठेवताय. नारळाचं दूध शेवटी, अन् सारखं हलवायचं. बाकीचं विचारपूस मध्ये लिहा, नायतर हा धागा जेवणाचा व्हायचा.

शब्दवेल्हाळ
'कोअर'ला 'गाभा' हा शब्द इथे किती सुंदर बसतो.

वेगवान_बाळ्या
पिस्टनराव, तुम्ही म्हणालात म्हणून काल गाडी उभी ठेवली आणि आज वेल्डिंगवाल्याकडे टो करून नेली. १० मिलिमीटरचं नोझल लावून घेतलं, जुना पाइप व्हॉल्व्हसकट परत जोडला. ब्रेक पॅडल एकदम लोणी. सवय झाली होती असं मी लिहिलं ते वाचून आता घाम फुटतोय. मे महिन्यात याच गाडीतून आई-बाबांना महाबळेश्वरला नेलं होतं.

ताईंनी सांगितलं तसं घड्याळही लावलं. शेजाऱ्याची सिव्हिक तशीच, त्याच वर्षाची, पूर्ण स्टॉक. तिसऱ्यात ४० ते ८०. त्याची पुढे. थोडीच, पण पुढे. १०० च्या वर मी पुढे असेन, पण तेवढा मोकळा रस्ता मिळाला नाही.

मुक्ता_के
हे इथे येऊन लिहिलंत याचं फार कौतुक वाटलं. मनापासून.

पिस्टनराव
टो करून नेली, हे आवडलं. चहा माझ्याकडून.

घाटमाथा, एक राहिलंच. सिग्नलला काटा वरखाली होतो असं लिहिलंय ना, ते वय नव्हे. हवा कुठून तरी चोरून आत जातेय, किंवा आयडलचा व्हॉल्व्ह घाण झालाय. बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा आणि मॅनिफोल्डच्या जोडाभोवती, रबरी पाइपांवर साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. जिथे पाणी पडल्यावर आरपीएम बदलेल तिथे गळती. इग्निशनच्या वायरींपासून लांब ठेवा. यूट्यूबवर कार्ब क्लीनर मारून दाखवतात. तो गरम एक्झॉस्टवर उडाला तर गाडी पेटते, त्या नादी लागू नका. आधी हे, मग बाकीचं.

घाटमाथा
मंडळी, उशिरा आलो. मधे दोन रविवार गेले.

पहिला रविवार: पाण्याची बाटली घेऊन बसलो. मॅनिफोल्डच्या जोडावर काही नाही. मागच्या बाजूला एका बोटभर रबरी पाइपच्या वळणावर फवारा गेला आणि काटा एकदम खाली. काढून वाकवला तर आतल्या बाजूने चीर, हसल्यासारखी उघडते. मीटरवर मिळतो तसला नवा पाइप ४० रुपयांत. थ्रॉटल बॉडीतून चिंधीवर जे निघालं ते काजळ होतं की आमरसाची तळाची जळलेली खरपुडी, सांगता येणार नाही. आता सिग्नलला काटा गुपचूप उभा. खालच्या आरपीएमला गाडी आधीपेक्षा चांगली ओढते, हे पाठीने नाही, घड्याळाने सांगतोय.

दुसरा रविवार: कोल्हापूरच्या मामांनी सांगितलं होतं तसं त्या मॅनिफोल्डचं गॅस्केट मागवलं होतं, ते आलं. मूळ गॅस्केटही दुकानातून आणलं. दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. स्टडची भोकं सगळी जुळली, मी उडीच मारली. मग पोर्ट बघितले. नवीनचे वरच्या अंगाला ३ मिलिमीटर मोठे, चारही.

उद्यमनगरी
म्हणजे हेडच्या तोंडाशी पायरी होणार. हवा त्या पायरीला थडकणार. मोठ्या प्लेनमचा फायदा तिथंच संपला.

घाटमाथा
हेडचे पोर्ट घासून मोठे केले तर?

मुक्ता_के
पोर्ट मोठा केला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग अजून पडणार. हिंजवडी आठवा.

उद्यमनगरी
अन् हेड जागेवर ठेवून घासू नका, चुरा व्हॉल्व्हवाटे आत. हेड काढावं लागतंय. मग हेड गॅस्केट आलं, टायमिंग बेल्ट आला.

पिस्टनराव
पाण्याचा पंप आला, तो बेल्टसोबतच बदलतात. मला काही अडचण नाही. पोराचं पुढचं वर्ष आहे.

गंमत्या
मनीफोल्ड. मनीफोल्ड.

घाटमाथा
थांबतो सध्या. ३००० च्या खाली गाडी खूश आहे, ५००० च्या वर ताम्हिणीत महिन्यातून एकदा खूश करते. पण डोक्यातला किडा मेलाय असं शपथेवर सांगू शकत नाही. सिटी तशीच ठेवून भंगारातून एखादं इंजिन आणून फक्त ट्रॅकसाठी... असो, तो वेगळा धागा.

अण्णा_पद्मिनी
आणि घरी सांगितलं का?

घाटमाथा
काचेवरची गॅस्केट काढायची राहिली होती. सकाळी खिडकी पुसताना सापडली. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).